धर्मग्रामातील ढोल आणि बिगूल

फेस्ताच्या दिवशी चर्चच्या आवारात वाजणारा बँड आमच्या वाचकांपैकी कोणास अपरिचित नाही. गोव्यात तर धर्मग्रामाच्या शाळांतून पूर्वी मुलांना सोल्फा व व्हायोलिन शिकविले जाई आणि त्या शिक्षणाच्या बळावर पुढे कित्येक कुटुंबांनी मुंबईस जाऊन आपला चरितार्थ चालविला. हा इतिहास येथे नव्याने सांगावयास नको. परंतु सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेतील कॅथोलिक धर्मग्रामांनीही एके काळी आपल्या मुलांच्या हाती ढोल व बिगूल दिले, आणि त्यातून एक स्वतंत्र कलाच जन्मास आली, हे आमच्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या कलेस तिकडे ‘ड्रम कोअर’ म्हणतात. हा शब्द लिहिताना शेवटी दोन अक्षरे अधिक लिहितात आणि बोलताना ती गिळून टाकतात. इंग्रजीच्या अशा खोड्या आमच्या शाळकरी मुलांनी पुष्कळ सोसल्या आहेत.

या पथकांचे मूळ लष्करी आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ मध्ये ‘अमेरिकन लीजन’ ही संघटना स्थापिली, आणि तिच्या गावोगावच्या शाखांनी ढोल व बिगुलांची पथके उभी केली. तेव्हाचा बिगूल म्हणजे साधी पितळी नळी. तिला कळ नाही, पडदा नाही. मोजके चार-सहा स्वर काय ते निघावयाचे. बेळगावच्या छावणीजवळ राहणाऱ्या आमच्या वाचकांनी तो नाद पहाटे अंथरुणात पडून ऐकलाच असेल. पुढे जगभर मंदी आली, गिरण्या थंडावल्या, आणि कामकऱ्यांची मुले रस्त्यावर हिंडू लागली. त्या काळी शिकागोचे सहायक बिशप बर्नार्ड शील यांनी १९३० मध्ये ‘कॅथोलिक यूथ ऑर्गनायझेशन’ सुरू केली. तरुणांना नुसता उपदेश करून भागत नाही, त्यांच्या हातापायांस काम द्यावे लागते, हे त्या बिशपांनी ओळखले होते. प्रथम मुष्टियुद्ध व इतर खेळ आले, आणि धर्मग्रामांनी पुढे ढोल-बिगुलांसही जवळ केले.

न्यू जर्सीतील गारफील्ड हे कामगारवस्तीचे लहानसे शहर. तेथील पवित्र नामाच्या चर्चमध्ये १९३४ मध्ये ‘होली नेम कॅडेट्स’ हे पथक निघाले. बोस्टन शहरातील हाइड पार्क भागात परमपवित्र रक्ताच्या चर्चने १९४० मध्ये आपले ‘क्रूसेडर्स’ उभे केले. न्यूअर्क येथे ‘ब्लेस्ड सॅक्रमेंट’चे, बेयॉन येथे संत व्हिन्सेंटचे, ब्रुकलिनमध्ये संत रिटाचे, अशी पथके निघत गेली. नावे वाचताना एखाद्या धर्मप्रांताची यादीच वाचीत आहोत असे वाटते. बहुतेक पथके केवळ मुलांची असत. आज मुले व मुली एकत्रच वाजवितात.

आता या पथकात शिरणे म्हणजे काय, ते पाहू.

हल्लीच्या मोठ्या पथकांत दीडशेच्या आसपास तरुण असतात आणि वयाची मर्यादा २१ वर्षांची. सनई-बासरीच्या जातीची वाद्ये येथे नाहीत. पितळी वाद्ये, ढोल, झांजा, आणि त्यांच्या जोडीला निशाणे फिरविणारी तुकडी. हिवाळ्यात निवडीची शिबिरे भरतात. शेकडो मुले येतात, थोडी राहतात. पुष्कळांना वाटते की उत्तम वाजविता आले म्हणजे झाले, आणि येथेच त्यांची निराशा होते. वाजविणे शिकविता येईल, आधी चालून दाखव, असे त्यांस सांगण्यात येते.

आणि चालणे म्हणजे काय? आम्ही जन्मापासून चालतो, त्यात शिकावयाचे ते काय, असे कोणीही म्हणेल. परंतु या पथकांचे पाऊल मोजलेले असते: पाच यार्डांत आठ पावले, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे, सुमारे ५७ सेंटिमीटर. ना अधिक, ना उणे. टाच प्रथम टेकावयाची, बोटे वर उचललेली, मग पाऊल हळूच पुढे लवंडावयाचे, जेणेकरून ओठाशी धरलेले वाद्य हलू नये. मागे चालावयाचे ते चवड्यांवर, वळून न पाहता. कमरेखालचा भाग एका दिशेस जात असतो आणि छाती मात्र प्रेक्षकांकडेच वळलेली. पाण्याने काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेऊन आडवे चालणाऱ्या आमच्या भगिनींस ही विद्या काही अंशी अवगत आहे. मात्र त्यांस त्याच वेळी तुतारी फुंकावी लागत नाही.

प्रत्येकाजवळ एक छोटी वही असते. ती दोरीने अंगावर अडकविलेली. तीत त्याची सर्व ठिकाणे लिहिलेली असतात: अमुक रेषेपासून दोन पावले आत, तमुक खुणेच्या मागे सहा पावले, मग बारा ठोक्यांत पुढचे ठिकाण. दहा-बारा मिनिटांच्या एका कार्यक्रमात अशी ठिकाणे पुष्कळदा शंभराच्या घरात जातात. वरून पाहणाऱ्यास वर्तुळे फुटताना, चौकोन वळताना दिसतात. आत चालणाऱ्यास यांतले काहीच दिसत नाही. त्याला दिसते ते डाव्या-उजव्या शेजाऱ्याचे खांदे, आणि समोर उंच चौथऱ्यावर उभ्या असलेल्या ड्रम मेजरचे हात. एकाने दोन पावले चुकविली तर वर्तुळास भोक पडते, आणि ते भोक सर्व स्टेडियमला दिसते.

येथे ध्वनीची एक मौज सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. तिकडचे फुटबॉलचे मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे सुमारे ९१ मीटर. एका टोकाचा नाद दुसऱ्या टोकास पोहोचावयास पाव सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. बोलण्याचालण्यात हा वेळ कोणी मोजीत नाही. परंतु मिनिटास १६० ठोक्यांची लय असेल, तर एक ठोका सेकंदाच्या तीन-अष्टमांशाएवढाच असतो; आणि मग पाव सेकंद म्हणजे अर्ध्या ठोक्याहून अधिक. दूरच्या ढोलाचा नाद कानाने ऐकून त्यावर वाजवू गेलेला मुलगा प्रामाणिकपणे, मनापासून, चूक वाजवितो. म्हणून नियम असा की मागे उभे असलेल्या ढोलकऱ्यांनी डोळ्यांनी हात पाहावेत, आणि पुढच्यांनी आपल्या पाठीमागून येणाऱ्या नादावर वाजवावे. मागचा नाद पुढच्यांस गाठतो, आणि दोन्ही मिळून प्रेक्षकांच्या कानी एकदमच पडतात. जो पुढच्या रांगेत आहे त्याने मागच्यावर विसंबावयाचे. स्वतःच्या कानांवरचा विश्वास बाजूस ठेवावयाचा. नव्या मुलांस हीच गोष्ट सर्वांत जड जाते.

आमच्या लांबलचक मिरवणुकीतही हेच घडते. पुढच्यांची ओळ संपते तेव्हा मागच्यांची अजून उरलेली असते, आणि वडीलधारी मंडळी मागच्यांच्या आळसास बोल लावतात. दोष हवेचा आहे, आळसाचा नव्हे. थोडा आळसाचाही असेल. गीत म्हणणारा गट मिरवणुकीच्या अगदी पुढे न ठेवता मध्यावर ठेविला तर गोंधळ पुष्कळ कमी होतो. आमच्या चर्चच्या कमिट्यांनी हे करून पाहावे.

वसंताच्या अखेरीस पथक काही आठवडे एकत्र राहते. सकाळपासून रात्रीपर्यंत तालीम, दिवसाचे दहा-बारा तास. प्रत्येकाजवळ पाण्याचे गॅलनभराचे भांडे, कारण उन्हात पाणी न पिता उभा राहिलेला मुलगा दुपारी कोसळतो. मोठी पितळी वाद्ये आणि अनेक तोंडांचे ढोल दहा किलोंहून जड असतात, आणि ते अंगावर बांधून पळावेही लागते. एकच आठ ठोक्यांचा तुकडा वीस वेळा, तीस वेळा. शिक्षक म्हणतो, ‘पुन्हा एकदा’, आणि त्या ‘एकदा’वर कोणाचाही विश्वास नसतो. मग उन्हाळाभर प्रवास. रात्री कार्यक्रम संपला की बसमध्ये बसावयाचे, झोप बसमध्येच. पहाटे कुठल्याशा शाळेच्या व्यायामशाळेत उतरून जमिनीवर उरलेली झोप घ्यावयाची. स्वयंपाकघर एका मोठ्या ट्रकमध्ये असते, आणि तेथे राबणारे बहुधा मुलांचे आईवडीलच. दिवसातून चार वेळा दीडशे भुकेल्या तरुणांचे जेवण रांधणे काय असते, हे ज्या माउल्यांनी फेस्ताचा स्वयंपाक केला आहे त्यांसच कळेल.

या श्रमाचे वेतन मिळत नाही. उलट मुलगाच काही हजार डॉलर भरतो. गारफील्डच्या कामकऱ्याच्या मुलास जे धर्मग्रामाने दिले, ते आज गरिबाच्या मुलास सहजी मिळत नाही, आणि ही गोष्ट आम्हांस सलते. पथके मोठी झाली, वाद्ये व गणवेश महागले, प्रवास लांबला, आणि हा भार एका धर्मग्रामास झेपेनासा झाला. एकेक पथक चर्चपासून सुटत गेले किंवा बंद पडले. पुढे पथकांनीच आपली स्वतंत्र संघटना उभी केली, आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे तिची पहिली अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. पूर्वी परीक्षक मैदानात मुलांच्या मधून फिरत आणि प्रत्येक चुकीस गुणाचा एक दशांश कापीत. एक काठी चुकली, टिंब. एक पाऊल वाकडे, टिंब. ही रीत १९८०च्या दशकात गेली. आता कल्पकतेसही गुण मिळतात, त्यामुळे कार्यक्रम रंगतदार झाले खरे. परंतु जुन्या लोकांस अजून त्या टिंबांची आठवण येते. आमचे मत विचाराल तर केवळ चुका मोजणारा परीक्षक फार दिवस ऐकवत नाही.

एक दुःखद गोष्ट टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. होली नेम कॅडेट्सचे नाव पुढे नुसते ‘कॅडेट्स’ झाले आणि त्यांनी अनेक अजिंक्यपदे मिळविली. २०१८ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या संचालकावर अनेक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले, व त्यास पद सोडावे लागले. नंतर जुन्या काळातील अत्याचाराविषयी संस्थेवर दावाही गुदरला. २०२४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते पथक बंद झाले. शिस्तीच्या नावाखाली जेथे आज्ञा प्रश्नावाचून पाळली जाते, तेथे वाईट मनुष्यास लपावयास जागा मिळते. हे केवळ अमेरिकेत घडते असे समजण्याचे कारण नाही. आमच्या ख्रिस्तसभेनेही हा घाव सोसला आहे. मूल बँडात जावो, वसतिगृहात जावो की वेदिसेवेस जावो, त्याच्याजवळ रात्री कोण असते आणि तक्रार असेल तर ती ऐकणारा त्या शिक्षकाहून वेगळा कोणी आहे काय, हे आईवडिलांनी आधी विचारावे. असा प्रश्न विचारल्याने चांगल्या शिक्षकाचा अपमान होत नाही.

तरीही मुले जातात. २१ वर्षे उलटली की नियमाने थांबावे लागते. मग तो कितीही निष्णात असो. शेवटच्या रात्री कार्यक्रम संपतो, वाद्य पथकाचे म्हणून परत द्यावयाचे, वही तेवढी आपली. बोस्टनच्या त्या क्रूसेडर्सनी अशा कितीतरी पिढ्यांना निरोप दिला. १९७२ पासून चाललेल्या या स्पर्धेत वर्षानुवर्षे त्यांच्या हाती अजिंक्यपद लागले नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये इंडियानापोलिस येथे ते प्रथमच पहिले आले. चर्चच्या आवारात सुरू झाल्यास तेव्हा ८५ वर्षे झाली होती. ‘परमपवित्र रक्त’ हे शब्द त्यांच्या नावातून केव्हाच गेले आहेत. ‘क्रूसेडर्स’ तेवढे राहिले आहे.