निरोप द्यावा, पण रीतसर

"अगं, लोखंडच तर आहे! त्यात रडण्यासारखं काय?" जुनी गाडी भंगारात द्यायची वेळ आली की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. म्हणणारे बहुधा घरातले पुरुष असतात. आणि डोळ्यांना पदर लावणारी कोण, हे सांगायला नकोच! मला मात्र त्या रडण्यात काही वेडेपणा वाटत नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकतात, त्याला जेवणाचं आवतण देतात. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, हळदी-कुंकू लावतो. जो आपल्यासाठी राबतो तो घरातलाच, हा आपला संस्कार आहे. ज्या गाडीने रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवलं, सासऱ्यांना तपासणीसाठी नागपूरला नेलं, मुलांना दहावीच्या परीक्षेला सोडलं, लेकीला सासरी पोचवलं, ती नुसतं लोखंड कशी असेल?

आणि हे काही फक्त बायकांचंच नाही, बरं का. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर रेल्वेला लोकांनी 'शकुंतला' म्हणून लाडावलं. १९९४ मध्ये तिचं कोळशाचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं. त्या जुन्या इंजिनाच्या आठवणी अजूनही म्हातारी माणसं सांगतात. तिकडे मुंबईत 'पद्मिनी'चं तसंच झालं. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही प्रीमियर पद्मिनी कित्येक वर्षं मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरातली, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तेव्हा एवढी मोठी मुंबई हळहळली. निदान एक पद्मिनी तरी जपून ठेवा, अशी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेची मागणी होती. मग आपल्या अंगणातल्या मारुतीसाठी आपला जीव तुटला तर काय बिघडलं?

पण मैत्रिणींनो, माया करणं वेगळं आणि गाडी कुजवत ठेवणं वेगळं. 'असू दे, आठवण आहे' म्हणून गाडी अंगणात वर्षानुवर्षं उभी राहते. टायर बसतात, पत्रा गंजतो. पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. खेळता खेळता लहान मुलं बंद गाडीत कोंडली जाऊन दगावल्याच्या बातम्याही आपण वाचल्या आहेत. आपल्याकडचं ऊन तर माहीतच आहे. ही कसली आठवण?

दुसरी तऱ्हा याहून वाईट. एक दिवस भंगारवाला येतो, अंदाजाने वजन सांगतो, नोटा हातात ठेवतो आणि गाडी ओढून नेतो. कागद नाही, पावती नाही. बचत गटाच्या कामात एक ताई भेटल्या. पती गेल्यावर त्यांनी दारातली जुनी गाडी अशीच देऊन टाकली. काही महिन्यांनी घरी विचारपूस आली. गाडी मोडली नव्हती, कोणीतरी ती चालवत होतं. आरटीओच्या दप्तरी नाव अजून त्यांच्या पतीचंच! त्या माउलीने आरसी बुक कधी उघडूनही पाहिलेलं नव्हतं. दुःख आवरायचं की कचेऱ्या धुंडाळायच्या?

यात घाबरवण्याचा हेतू नाही, पण कायदा माहीत हवा. नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. गाडीमालक वारले तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत कळवून आरसी बुक जमा करायचं.

'१५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते' असं कोणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. आपल्याकडे घरच्या गाडीला तशी सक्ती नाही. तपासणीत ती धड निघाली तर ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. शुल्क मात्र भारी झालं आहे. १५ वर्षांवरच्या कारचं शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १०,००० झालं. तेव्हा गाडी ठेवायची की द्यायची हा हिशेब घरात सगळ्यांनी बसून करावा, आणि त्यात आपणही बसावं.

द्यायचीच ठरली तर सरकारमान्य वाहन भंगार केंद्रातच द्या. २०२१ च्या धोरणानंतर अशी केंद्रं सुरू झाली आहेत. तिथे गाडी जमा केल्याचं आणि नंतर ती मोडल्याचं प्रमाणपत्र मिळतं. पहिलं प्रमाणपत्र दाखवलं तर नवी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होतं आणि करातही सवलत मिळते. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवून घ्या. नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा आणि सगळे कागद घराच्या फायलीत, आपल्या हाताशी ठेवा.

आणि हो, जाण्याआधी तिला हळदी-कुंकू जरूर लावा. सगळ्यांचा एक फोटो काढा. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, कोणी हसलं तर हसू द्या. आयुष्यभर जिने आपल्याला सुखरूप घरी आणलं, तिचा नंबर उद्या कुठल्या भलत्या गाडीवर फिरू नये, एवढी काळजी घेणं ही तिच्यावरची खरी माया. ते काम 'पुरुषांचं' म्हणून सोडू नका. एमएच २९ पुढचा आपला नंबर पाठ असतो ना आपल्याला? मग त्याचे कागदही ठाऊक असू द्या.