नियम ५८ : एका शब्दाने गिळलेले गिरणगाव

१/ "संपाने गिरण्या बुडाल्या आणि बाजाराने परळला नवे आयुष्य दिले." ही कथा आता इतकी रूढ झाली आहे की तिचा पुरावा कुणी मागत नाही. वस्तुतः हे रूपांतर शासकीय सवलतीने घडले. त्या सवलतीच्या मोबदल्यात शहराला जे मिळायचे होते, ते कसे हातचे गेले, याचा हा #थ्रेड.

२/ पार्श्वभूमी : १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीचा पाया घातला. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी पुढे गिरणगाव वसवले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही.

३/ संपानंतर गिरण्यांकडे उरलेली सर्वांत मोलाची मालमत्ता म्हणजे शहराच्या मध्यावरची सुमारे ६०० एकर जमीन. पण ती औद्योगिक वापराची होती. तिथे निवासी मनोरे वा कार्यालये बांधण्याची मुभा केवळ शासनच देऊ शकत होते. म्हणजे त्या जमिनीचे वाढीव मोल मालकाच्या कर्तृत्वातून आलेले नव्हते; ते शासनाच्या परवानगीतून येणार होते.

४/ १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने ही मुभा दिली, ती सशर्त. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. सोडलेल्या जमिनीबद्दल मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क, अर्थात टीडीआरही मिळणार होता. यात मालकावर अन्याय कुठे होता?

५/ मग आली २००१ ची दुरुस्ती. वाटणी आता संपूर्ण भूखंडाची नव्हे, तर केवळ 'मोकळ्या' जमिनीची ठरली. गिरणीच्या आवारात बहुतांश जागा व्यापतात त्या शेड, गोदामे आणि खाती. त्यांच्याखालची जमीन वाटणीतून वगळली गेली. शेड पाडली तरी ती जागा मालकाचीच. एका शब्दाने शहराचा वाटा आक्रसला.

६/ समर्थकांचा युक्तिवाद असा : जुन्या नियमानुसार मालक पुढेच येत नव्हते, म्हणून सवलत वाढवावी लागली. हा युक्तिवाद तपासून पाहावा. ज्याची जमीन दरवर्षी महाग होत जाते, त्याला थांबणे परवडते. अशा वेळी अट सैल करणे म्हणजे थांबून राहण्यालाच बक्षीस देणे.

७/ बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यामुळे दुरुस्ती कायदेशीर ठरली, हे मान्यच. परंतु कायदेशीर असणे आणि न्याय्य असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागू नये.

८/ यात केवळ खासगी मालकच होते असे नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे खुद्द सरकारी मालकाने, मुंबईतील पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. एकट्या मुंबई टेक्स्टाईल मिलला ७०२ कोटी रुपये आले. जनतेची मालमत्ता होती, तरी लिलावात तिला फक्त किंमत उरली.

९/ कामगारांच्या वाट्याला काय आले? घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरे होती ६,९२५. ज्यांच्या श्रमावर हे शहर उभे राहिले, त्यांचा हक्क चिठ्ठीत घालून काढण्यात आला.

१०/ आणि शहराच्या वाट्याला? गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, पण रस्ते, पूल आणि मोकळ्या जागा त्या प्रमाणात आल्या नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे मेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जण गेले. दोन्ही दुर्घटनांची तात्कालिक कारणे वेगळी. भूमी तीच, दाटीही तीच.

११/ करमाफी असो, वाढीव चटईक्षेत्र असो वा वापरबदलाची परवानगी, प्रत्येक सवलत ही सार्वजनिक तिजोरीतून दिलेली रक्कमच असते. फरक इतकाच की ती अंदाजपत्रकात दिसत नाही. उद्या बंदराच्या जमिनींची पाळी येईल. तेव्हा 'विकास' हा शब्द ऐकून टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत : शहराने काय दिले? मोबदल्यात काय ठरले? आणि ठरलेले शब्द नंतर कुणी बदलले? (समाप्त)