लांब लेन्सला हवी धीराची जोड

थंडीच्या दिवसांत भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गेलात, तर पक्ष्यांइतकीच गर्दी कॅमेऱ्यांची दिसते. पूर्वी व्यावसायिकांनाच परवडणारी लांब पल्ल्याची लेन्स आता १५० ते ६०० मिमीच्या झूमच्या रूपात हौशी मंडळींच्या हाती आली आहे. ती घेतली की पक्षी आपोआप जवळ येतील, ही समजूत मात्र पहिल्याच सहलीत खोटी ठरते.

साधा हिशेब पाहा. पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात ६०० मिमीवर, २० मीटर अंतरावरचा सुमारे १२० सेंटीमीटर रुंदीचा भाग मावतो. छोटा खंड्या असतो जेमतेम १६-१७ सेंटीमीटरचा, म्हणजे चित्राच्या रुंदीचा सातवा हिस्सा! तेव्हा जवळ जाण्याची कला शिकावी लागतेच.

आता लेन्स हाताळण्याविषयी. तिचे वजन दोन किलोच्या आसपास असते आणि हाताची लहानशी थरथरही चित्रात मोठी होऊन उतरते. ट्रायपॉड नसेल, तर जुन्या पँटचा पाय कापून पिशवी शिवा, त्यात तांदूळ भरा आणि कठड्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेका. बसलेल्या पक्ष्यासाठी शटरचा वेग निदान १/६०० सेकंदाच्या आसपास ठेवा, उडत्यासाठी १/१६०० किंवा त्याहून जास्त. लेन्समधली कंपनरोधक सोय तुमचा हात सावरते, पक्ष्याचे पंख नव्हे. प्रकाश कमी असेल तर आयएसओ वाढवा. थोडे दाणेदार चित्र चालते, हललेले चालत नाही.

६०० मिमीवर पक्षी शोधत बसू नका. लांब धरलेल्या हाताची दोन बोटे झाकतील, जवळपास तेवढेच आकाश त्यात दिसते. झूम २०० मिमीवर आणून पक्षी मध्यभागी घ्या, मग वाढवा. दहा मीटरवरच्या पक्ष्याचा फक्त दहा सेंटीमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो, म्हणून फोकस डोळ्यावरच हवा. डोळा स्पष्ट असला की शेपटीची धूसरता खपून जाते.

वेळ सकाळची निवडा. ऊन तापले की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दूरचा पक्षी विरघळल्यासारखा दिसतो. त्यावर कोणत्याही लेन्सचा इलाज नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अंतराची. पक्ष्याने चरणे थांबवले, मान ताठ केली, पाय बदलायला सुरुवात केली, की समजा आपण फार पुढे आलो. तिथेच थांबा, खाली बसा, शक्य तर दोन पावले मागे या. दहा-पंधरा मिनिटांत तो पुन्हा आपल्या कामाला लागला, तर खरे चित्र तेव्हाच मिळते.

घरट्याच्या बाबतीत तर विशेष जपा. भरतपूरला पावसाळ्यानंतर चित्रबलाक पाण्यातल्या बाभळींवर वसाहत करतात. बंधाऱ्यावरून लांब लेन्सने त्यांची चित्रे टिपण्यात काही वावगे नाही. पण माणूस फार जवळ गेला आणि घाबरून आईबाप उठले, की उघडी अंडी आणि बिनपिसांची पिल्ले उन्हाच्या आणि कावळ्यांच्या तावडीत सापडतात. मुलांना हेही सांगा की, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही येते. बंदूक हाती नसली तरी!

सुरुवात घराजवळच्या तळ्यापासून करा. बगळे, पाणकावळे, खंड्या यांच्यावर महिनाभर हात बसवा आणि मगच भरतपूरचे तिकीट काढा. लांब लेन्स घ्यायची ती पक्ष्याला त्याच्या जागी निवांत राहू देण्यासाठी, हे लक्षात ठेवले तर चित्रही चांगले येईल आणि पक्षीही पुढच्या वर्षी तिथेच भेटेल.