दगडांची अक्षरे आणि वाऱ्याचे गणित

कॅलिफोर्नियातील डेव्हनपोर्ट लँडिंगच्या दक्षिणेस ९ जून २०२४ रोजी एक काइटसर्फर उंच कडा आणि खवळलेला समुद्र यांच्या कात्रीत सापडला. त्याने किनाऱ्यावरील दगड रचून 'हेल्प' ही अक्षरे मांडली. वरून जाणाऱ्या एका खासगी हेलिकॉप्टरमधून ती दिसली आणि 'कॅल फायर'च्या पथकाने त्याला सुखरूप वर उचलले. या सुटकेचे जगभर कौतुक झाले. पण तिच्यात नशिबाचा वाटा मोठा होता. शिवाय, दगड किनाऱ्यावर मिळतात, भर समुद्रात नव्हे.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली काइटच्या शर्यती प्रथमच झाल्या आणि खेळाची ओळख वाढली. वारा पडला, दोर तुटला किंवा पतंगातील हवा गेली, तर खेळाडू किनाऱ्यापासून दूर अडकतो. अशा वेळी स्वतःची सुटका स्वतः करण्याची एक ठरलेली पद्धत आहे. प्रथम कमरेजवळची आपत्कालीन कळ वापरून पतंगाची ताकद काढून घ्यायची. मग ज्या एका दोरावर पतंग लोळत असतो, तो दांड्याभोवती काही मीटर गुंडाळायचा आणि त्यानंतरच उरलेले दोर एकत्र गुंडाळायचे. हा क्रम चुकला, तर पतंग पुन्हा वारा धरण्याची भीती असते. दोर हाताला वा बोटांना मात्र कधीही गुंडाळायचा नाही. अचानक ताण आल्यास बोट तुटू शकते. दांडा बांधून झाला, की पतंगापर्यंत पोहोचून त्याचे टोक धरायचे आणि त्याचाच शिडासारखा उपयोग करून किनारा गाठायचा.

मात्र या युक्तीला वाऱ्याची साथ लागते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल, तर हेच शीड माणसाला आणखी आत नेते. तेव्हा हवा भरलेल्या पतंगाला तराफ्यासारखे धरून राहणे आणि मदतीसाठी खुणा करणे हाच मार्ग उरतो. साहित्य सोडून पोहत सुटणे घातक ठरते, कारण लाटांमध्ये एकटे डोके दिसत नाही. रंगीत पतंग दुरूनही दिसतो.

गोव्यातील मोरजी-आश्वे किनाऱ्यांवरही हा खेळ खेळला जातो. हिवाळ्यात कोकणपट्टीवर पहाटे वारा जमिनीकडून वाहतो आणि दुपारी समुद्राकडून. हे साधे गणित पर्यटकाला ठाऊक असेलच असे नाही. उडी कशी मारावी हे शिकण्याआधी परत कसे यावे हे शिकवले गेले, तरच या थराराला अर्थ आहे. आकाशातून दरवेळी हेलिकॉप्टर जाईलच, या भरवशावर समुद्रात उतरता येत नाही.