हजेरीपटावर न दिसणारा आजार

कामगार वेळेवर येतो, पाळी पूर्ण करतो, हजेरीपटावर त्याची सहीही असते. तरीही त्याच्या हातून पूर्वीइतके काम होत नाही. अशा वेळी व्यवस्थापनाचा निष्कर्ष ठरलेला असतो : हा कामचुकार झाला आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या पहिल्या काही वर्षांत पुष्कळांच्या वाट्याला हाच शेरा येतो. आजाराचे नाव कळण्यापूर्वीच नोकरीला धोका निर्माण होतो. म्हणूनच हा विषय केवळ वैद्यकाचा न राहता कामगार चळवळीचाही होतो.

१८६८ साली फ्रेंच वैद्य शार्को यांनी या आजाराचे पद्धतशीर वर्णन केले. विजेच्या तारेवर असते तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच या आवरणावर उलटते आणि मेंदूकडून निघालेले संदेश मंदावतात किंवा वाटेत अडतात. जगात या आजाराचे २८ लाखांहून अधिक रुग्ण आहेत. आजाराची सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे ऐन कमावत्या वयात होते. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहे. सुमारे ८५ टक्के रुग्णांत तो प्रथम झटक्यांच्या रूपाने येतो : काही आठवडे दृष्टी अंधूक होते किंवा हातपाय बधिर होतात, आणि मग प्रकृती बरीचशी पूर्ववत होते.

झटका ओसरला की माणूस बरा झाला, असे भोवतालच्यांना वाटते. परंतु उत्पादकतेवर खरा परिणाम होतो तो दोन झटक्यांच्या मधल्या काळात. विश्रांतीनेही न जाणारा थकवा हे या आजाराचे सर्वांत व्यापक लक्षण आहे. जवळपास निम्म्या रुग्णांची स्मरणशक्ती किंवा विचाराचा वेग कमी होतो. शरीराचे तापमान थोडे वाढले तरी लक्षणे बळावतात, हे तर उठॉफ यांनी १८९० सालीच नोंदविले होते. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या यंत्रमागावर अशा कामगाराची काय अवस्था होत असेल, हे इचलकरंजी-मालेगावच्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको. विख्यात चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे यांच्या बोटांतील संवेदना कमी होऊ लागली, तेव्हा आरंभी तो मनावरील ताण समजला गेला. १९७३ साली निदान झाले. वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी त्यांचे वादन थांबले. जगप्रसिद्ध कलावंताची ही कथा, तर कंत्राटी कामगाराच्या बधिर बोटांची दखल कोण घेणार?

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे सीमान्त उत्पादकतेचा सिद्धान्त शिकवीत आलो. श्रमिकाला त्याने घातलेल्या भरीइतके वेतन मिळते, असे तो सांगतो. या सिद्धान्तात उत्पादकता जणू श्रमिकाच्या देहातच वास करते. वस्तुतः ती देह आणि कामाची व्यवस्था यांच्या संयोगातून निर्माण होते. सकाळी चार तास उत्तम हिशेब लिहिणारी कारकून स्त्री दुपारी गळून जाते. तिला दुपारी तासभर विश्रांती आणि संध्याकाळी उरलेले काम करण्याची मुभा दिली, तर तिचे दिवसाचे काम पुरे होऊ शकते. न दिली तर ती ‘अकार्यक्षम’ ठरते. दोन्ही प्रसंगी आजार तोच असतो. नुकसानाचा जो भाग वेळापत्रकाच्या ताठरपणातून येतो, तो रुग्णाच्या खात्यावर मांडणे हा हिशेबाचा घोटाळा आहे.

आपले कायदे या बाबतीत अर्ध्या वाटेवर थांबले आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश केला, हे स्वागतार्ह आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही किंवा त्याची पदावनती करता येणार नाही, असे कलम २० सांगते. परंतु हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या गटांत या आजाराचे नाव नाही. शिवाय त्या आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. या आजाराची तीव्रता मोजण्यासाठी रूढ असलेली १९८३ ची कुर्ट्‌झ्के यांची श्रेणी मधल्या टप्प्यापासून मुख्यतः चालण्याच्या क्षमतेवर आधारलेली आहे. थकवा आणि मंदावलेली स्मृती तिच्यात फारशी उमटत नाही. म्हणजे आरंभीच्या काळातील रुग्ण मालकाच्या लेखी पुरेसा सशक्त नाही आणि दाखला देणाऱ्याच्या लेखी पुरेसा दिव्यांग नाही.

औषधोपचार लवकर सुरू झाले तर झटके कमी होतात आणि पुढील अपंगत्व लांबणीवर पडते, हे आता सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली या आजारावरील तीन औषधे प्रथमच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. त्यांपैकी रिटुक्सिमॅबची आवृत्ती भारतीय कंपनीने २००७ सालीच बाजारात आणली होती. तेव्हा सार्वजनिक रुग्णालयांतून नियमित औषध आणि वेळेवर एमआरआय तपासणी मिळणे शक्य कोटीतले आहे. पंचविशीतल्या कामगाराला आज औषध नाकारणारे शासन त्याच्या पुढील तीस वर्षांच्या श्रमाला मुकते, एवढा साधा हिशेब अर्थखात्याला कळायला हवा.

मूठभर रुग्णांसाठी चळवळीने शक्ती का खर्चावी, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु विश्रांतीची मुभा, लवचीक पाळी, हवेशीर कामाची जागा, हलक्या कामावर त्याच वेतनात बदली आणि खाजगी क्षेत्रालाही लागू होणारे कलम २० चे संरक्षण या मागण्या क्षयाच्या, मधुमेहाच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही तितक्याच उपयोगी आहेत. कामगार राज्य विमा योजनेचा आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. पण तो पूर्ण दिवसाच्या गैरहजेरीवर आधारलेला आहे. अर्धा दिवस काम करू शकणाऱ्यासाठी अंशतः भत्त्याची तरतूद व्हावी, ही मागणीही त्यांत जोडली पाहिजे.

संघटनांनी पुढील मागणीपत्रे तयार करताना या मुद्द्यांना स्थान द्यावे. तोवर निदान एक गोष्ट प्रत्येक शाखेच्या हातात आहे. एखाद्या सहकाऱ्यावर कामचुकारपणाचा ठपका आला, तर चौकशीला सामोरे जाण्यापूर्वी त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, असा आग्रह प्रतिनिधीने धरावा.