राखीव नावे आणि आपली लिपी

पेडणे व डिचोली तालुक्यांतील गावोगावी शिगम्याचा मांड असतो. त्या जागेवर कोणी घर बांधीत नाही की दुकान थाटीत नाही. ती विशिष्ट कार्यासाठी राखलेली असते आणि ही मर्यादा सर्वांस मान्य असते. इंटरनेटच्या अफाट विश्वातही असे काही मांड राखलेले आहेत, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

इंटरनेटवरील पत्त्याच्या शेवटी 'कॉम', 'इन' अशी नावे असतात. जून १९९९ मध्ये 'इंटरनेट इंजिनीअरिंग टास्क फोर्स' या मानके ठरविणाऱ्या मंडळाने 'टेस्ट', 'एक्झाम्पल', 'इनव्हॅलिड' व 'लोकलहोस्ट' ही चार अंत्यनावे कायमची बाजूस काढली. ती कोणास विकत मिळत नाहीत. कारण साधे आहे. पाठ्यपुस्तकात नमुन्यादाखल छापलेला पत्ता उद्या खरोखरच कोणी विकत घेतला, तर विद्यार्थ्याने सरावासाठी धाडलेले पत्र परक्याच्या हाती पडेल.

हा धोका काल्पनिक नाही. अनेक कचेऱ्यांनी आपल्या अंतर्गत जाळ्यासाठी 'होम', 'कॉर्प' अशी नावे परस्पर वापरली होती. २०१२ साली तीच नावे सार्वजनिक करण्यासाठी अर्ज आले, तेव्हा कचेरीतला मजकूर बाहेर वाहून जाण्याची भीती उभी राहिली. अखेर २०१८ साली, नावांचा कारभार पाहणाऱ्या 'आयकॅन' संस्थेने ते अर्ज पुढे न नेण्याचे ठरविले. खासगी जाळ्यांसाठी 'इंटर्नल' हे नाव राखून ठेवण्यास मात्र २०२४ साल उजाडावे लागले.

नवे नाव राखण्याची रीत फेब्रुवारी २०१३ मध्ये ठरली. सामान्य वापरणाऱ्यापासून नोंदणीसंस्थेपर्यंत कोणी त्या नावाशी वेगळे कसे वागावे, अशा सात प्रश्नांची उत्तरे मागणाऱ्यास द्यावी लागतात. त्याच वेळी, ॲपल कंपनीच्या यंत्रांत वर्षानुवर्षे रुळलेले 'लोकल' हे नाव राखीव झाले. २०१५ साली 'अनियन'ही झाले. मंडळाची दारे सर्वांस खुली आहेत. पण जो तेथे आपली गरज मांडतो, त्याचीच गरज नोंदली जाते.

आणि आपली? त्या विशेष यादीत देवनागरीतील एकही नाव नाही. २००७ साली 'उदाहरण.परीक्षा' हा पत्ता प्रयोगादाखल सुरू झाला होता. २०१३ साली प्रयोगाची ती नावे काढून टाकण्यात आली. पुढे २७ ऑगस्ट २०१४ रोजी '.भारत' अवतरले, आणि देवनागरीतील पत्ता शक्य आहे हे सिद्ध झाले.

यंत्र शेवटी देवनागरी नावाचेही रोमन सांकेतिक रूपच करते, मग हा आग्रह कशाला, असे कोणी म्हणेल. पण पत्ता वाचावयाचा आहे तो माणसाने. प्रत्येक नवे राखीव अंत्यनाव जगभरच्या संगणकप्रणालींवर भार टाकते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आम्हास मान्य आहे. म्हणूनच आमची मागणी माफक आहे. 'एक्झाम्पल.कॉम' जसे राखलेले आहे, तसे 'उदाहरण.भारत' व 'चाचणी.भारत' कायमचे राखीव असल्याचे '.भारत' सांभाळणाऱ्या 'निक्सी' संस्थेने जाहीर करावे, आणि तेथे मराठी व कोंकणी खुलासा ठेवावा. यासाठी जगाची परवानगी नको. दिल्लीतील एका संस्थेची इच्छा पुरे.

गोवा सरकारनेही हा आग्रह धरावा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीस राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापरास मुभा दिली. भाषेचा वाद कितीही जुना असो, लिपी दोघींची एकच आहे. पोर्तुगीज वळणाने 'पेडणे'चे 'पेर्नेम' आणि 'डिचोली'चे 'बिचोलिम' झाले. रोमन पाट्यांवर ती रूपे आजही नांदत आहेत. तेव्हा नावे कोणी लिहावी हे आपल्या हाती नव्हते. आज ते आहे. आज आपण गप्प राहिलो, तर दोष परक्यांस देता येणार नाही.