मानेवरचा मळ आणि हनुवटीवरचे केस

२०१९ च्या जूनमध्ये मी नोकरीसाठी चेन्नईत आले. शहराला पाणी पुरवणारे तलाव त्या उन्हाळ्यात आटले होते आणि वस्त्यावस्त्यांत टँकरपुढे घागरींच्या रांगा लागलेल्या होत्या. वेळचेरीतल्या लेडीज हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत चौघी राहायचो. बाथरूम एक आणि सकाळी प्रत्येकीला एक बादली पाणी. मी साडेपाचला सगळ्यांच्या आधी उठायचे. खोलीतल्या मुलींना वाटायचं, गावाकडची पोरगी आहे, सवय असेल. खरं कारण माझ्या टूथब्रशच्या डबीत होतं. त्यात रेझर होता. दहा मिनिटांत हनुवटी, ओठाच्या वरची जागा आणि गळा उरकायचा, बेसिनमधले केस मोजक्या पाण्यात घालवायचे आणि डबी बंद करायची. संध्याकाळी ऑफिसातून निघेपर्यंत खुंट पुन्हा बोटाला लागायचे.

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. ओल्ड महाबलीपुरम रोडवरच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा बापाने वस्तीत पेढे वाटले. त्या मुलीचं निम्मं डोकं दिवसभर समोरचा माणूस हनुवटीकडे बघतोय का, यात अडकलेलं असायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहिते आहे, कारण हे वाचणाऱ्या काही जणींच्या डबीतही तसाच रेझर असणार.

केसांच्याही आधी गोष्ट मानेपासून सुरू होते. सातवी-आठवीत माझी मान मागून काळी पडायला लागली. जाडसर, मखमलीसारखा पट्टा. वर्गात बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं, "मानेला साबण लावत जा. तुमच्या तिकडे पाणी नसतं का?" 'तुमच्या तिकडे' म्हणजे कुठे, हे वर्गातल्या प्रत्येकाला कळलं. त्या रविवारी आईने मला न्हाणीत बसवून वजरीने मान घासली. रक्त आलं तरी थांबली नाही. पुढे कित्येक रविवार हेच चाललं. आई क्रूर नव्हती. आपल्या लेकरावर 'घाण' हा शब्द चिकटू नये म्हणून ती लढत होती, आणि तिच्याकडे हत्यार एकच होतं.

चेन्नईत दुसऱ्या वर्षी पाळी चार महिने आली नाही, तेव्हा सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत गेले. डॉक्टरबाईंनी आधी मान पाहिली, मग विचारलं, चेहऱ्यावरचे केस काढतेस का? कुठे कुठे? केसांच्या वाढीला मार्क देण्याची पद्धत आहे. डेव्हिड फेरीमन आणि गॅलवे या डॉक्टरांनी १९६१ मध्ये ती मांडली. आता त्यात शरीराच्या नऊ जागा बघतात आणि प्रत्येकीला शून्य ते चार मार्क देतात. मार्क जास्त पडल्याचं आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

निदान झालं पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात बायकांच्या अभ्यासातून या आजाराचं वर्णन केलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के बायकांना तो असतो आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना त्याचा पत्ताच नसतो. बाईच्या शरीरात अँड्रोजेन हे संप्रेरक थोडं असतंच. पीसीओएसमध्ये ते वाढतं आणि जिथे मऊ लव असायला हवी तिथे राठ, काळे केस येतात. अनेकींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, म्हणून शरीर ते जास्त तयार करतं. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशाला आणखी अँड्रोजेन बनवायला लावतं, आणि तेच मानेची, काखेची कातडी जाड आणि काळी करतं. तो मळ नसतो. घासल्याने जात नाही, उलट आणखी काळा पडू शकतो.

हे ऐकून मी ओपीडीतून बाहेर आले आणि जिन्यावर बसून राहिले.

आजार जात बघत नाही. पीसीओएस मैलापूरच्या अग्रहारातल्या मुलीलाही होतो आणि उत्तर चेन्नईच्या वस्तीतल्या मुलीलाही. पण तीच काळी मान एकीच्या बाबतीत 'डॉक्टरला दाखव' असते आणि दुसरीच्या बाबतीत 'आंघोळ करत जा'. शरीरावरची खूण कशी वाचायची, हे समोरच्याच्या डोक्यातली जात ठरवते.

केस आणि जात यांचं नातं आपल्याला नवं नाही. साताऱ्यात न्हावी होते आणि पैसेही होते, तरी आपले केस थोरली बहीण कापायची, कारण अस्पृश्याच्या डोक्याला कोणी न्हावी हात लावत नसे, हे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. बाईच्या अंगावर केस कुठे असावेत आणि कुठे नसावेत, हे तिच्याऐवजी दुसऱ्यांनी ठरवायचं ही रीत तेव्हाही होती. त्या माणसांनी हातातला वस्तरा खाली ठेवून ती मोडायला सुरुवात केली.

आता एक अवघड मुद्दा. गेल्या काही वर्षांत इंग्रजी बोलणाऱ्या शहरी स्त्रीवादात 'अंगावरचे केस काढू नका, आहे तसं शरीर मिरवा' असं जोरात सांगितलं जातं. त्यातलं तत्त्व मला मान्य आहे. पीसीओएसमुळे आलेली दाढी न काढता जगासमोर उभी राहिलेली ब्रिटनची हरनाम कौर मला मोठी वाटते. पण ज्यांच्या स्वच्छतेवर कधी कुणी शंका घेतली नाही, त्यांच्यासाठी केस ठेवणं हे बंड ठरतं. मी ठेवले तर त्याला गबाळेपणा म्हणतील. मुलाखतीच्या खोलीत माझं आडनाव, माझा रंग आणि माझं इंग्रजी माझ्या आधी पोचलेलं असतं. त्यात हनुवटीवरच्या केसांची भर नको म्हणून मी रेझर फिरवत असेन, तर मला 'पितृसत्तेची बळी' म्हणणं सोपं आहे. बाबासाहेबांनी बायकांना स्वच्छ आणि नीटनेटकं राहायला सांगितलं, ते कुणाला आवडावं म्हणून सांगितलं नव्हतं. आपल्याला घाण म्हणणाऱ्यांच्या तोंडावरचं ते उत्तर होतं. केस ठेवणं आणि काढणं, दोन्ही बाईच्या हक्कात येतं. तिने कोणत्या भीतीपोटी निवड केली, हे न विचारता तिला उपदेश करू नये.

आणि ही निवड फुकट नसते. हातात साडेएकोणीस हजार पगार यायचा, त्यातले आठ हजार गावी जायचे. एका क्लिनिकने लेझरच्या सहा सिटिंगचे २७ हजार सांगितले. डॉक्टरबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या इथे लिहिते. पहिली, लेझरची उष्णता केसातला काळा रंग शोधते. आपल्या कातडीतही तोच रंग जास्त असतो, म्हणून चुकीच्या मशीनने कातडी भाजते. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर अधिक सुरक्षित असतं. पैसे भरायच्या आधी कोणतं मशीन आहे ते विचारायचं. दुसरी, आतलं संप्रेरक काबूत नसेल तर लेझरनंतरही नवे केस येत राहतात. तिसरी, गोळ्यांचा केसांवरचा परिणाम दिसायला निदान सहा महिने लागतात, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी गरोदरपणात पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी बघून कुठलीही गोळी घ्यायची नाही. रेझरने केस जाड होतात ही मात्र अफवाच.

हॉस्टेलच्या अक्का मला कस्तुरी मंजळ, म्हणजे तिकडची सुवासिक हळद, लावायला सांगायच्या. त्याने फार नुकसान नव्हतं. नुकसान केलं ते गोरं होण्याच्या मलमाने. कॉलेजात असताना मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब मी दोन वर्षं लावली. त्यात स्टेरॉइड होतं. असं मलम महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल पडते आणि चेहऱ्यावर केसही वाढतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली. काळ्या रंगाची लाज वाटून लावलेल्या मलमाने केसांची लाजही दिली.

माझी तक्रार व्यवस्थेशी आहे. मद्रास मेडिकल कॉलेजातून १९१२ मध्ये डॉक्टर झालेल्या मुथुलक्ष्मी रेड्डी देवदासी परंपरेतल्या आईच्या पोटी जन्मल्या होत्या. त्यांच्या नावाने आज तमिळनाडूत गरोदर बायकांना आर्थिक मदतीची योजना आहे, आणि ती चांगली आहे. पण सरकारी व्यवस्थेत बाईचं आरोग्य बहुतेक गरोदरपणापासून सुरू होतं आणि बाळंतपणाशी संपतं. गावाकडच्या दवाखान्यात मला सांगितलं होतं, "लग्न झालं की पाळी सुरळीत होईल." केस काढणं 'सौंदर्य' म्हणून विम्याबाहेर राहतं. ज्या केसांमुळे मुलगी मुलाखतीला जात नाही, कॉलेज सोडते, ते सौंदर्य कसं? समाजकल्याणच्या मुलींच्या वसतिगृहांत वर्षातून एकदा तपासणीच्या वेळी पाळी, मान आणि केस यांबद्दल विचारायला हवं. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात पीसीओएसच्या मुलींना लेझर मोफत मिळायला हवं. आपल्या विद्यार्थी संघटनांच्या निवेदनांत शिष्यवृत्तीच्या शेजारी ही मागणी यायला हवी.

तोवर आपल्या हातात एवढं आहे: पाळी तीन महिने आली नाही, मान काळी पडली, केस राठ झाले, तर पार्लरच्या आधी सरकारी दवाखान्यात जा. साखर तपासायला सांगा, कारण पुढे मधुमेहाचा धोका असतो. आणि मुलग्यांनो, बहिणीच्या 'मिशी'वर विनोद करणं आजपासून बंद करा.

निदान झालं त्या रात्री मी आईला फोन केला. मान, इन्सुलिन, केस, सगळं जमेल तसं सांगितलं. म्हटलं, "आई, तो मळ नव्हता." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग मी एवढी वर्षं काय घासत होते गं?"

तिला काय सांगावं, मला सुचलं नाही. पुढच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा न्हाणीतली वजरी जागेवर नव्हती. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आईला लातूरला नेऊन तिची साखर तपासून आणली.

जय भीम.